धारेमागचा धातू

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत की ती हाती लागली की परीक्षणकर्ता निर्धास्त होतो. 'धारदार' हे त्यांतलेच एक. उपरोध धारदार असतो, निवेदन धारदार असते, एखाद्या कवीची पहिली ओळच धारदार असते. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत तर नेमलेल्या प्रत्येक लेखकाची शैली धारदार असते. आम्हीही हे विशेषण सढळ हाताने वापरले आहे. मात्र धार म्हणजे नेमके काय, ती कशी लावतात, लावल्यावर किती दिवस टिकते, हे प्रश्न आम्हांला कधी पडले नाहीत. ते पडले एका सुरीमुळे. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या सुरीविषयी आहे. साहित्याशी त्याचा संबंध काय, असे विचारणाऱ्या वाचकाने थोडा धीर धरावा. संबंध आहे, आणि तो आमच्याच एका जुन्या परीक्षणाशी आहे.

सुरी घरातलीच, जुनी, साध्या पोलादाची. वापरून झाली की पुसून ठेवावी लागते, नाहीतर गंज धरते अशी. तिची धार गेली म्हणून विजेच्या चाकावर धार लावून देणाऱ्या एका दुकानात ती दिली. पाच मिनिटांत काम झाले. ठिणग्या उडाल्या, पाते लखलखले आणि दुकानदाराने स्वतःच्या मनगटावरचे केस त्या पात्याने भादरून दाखवले. आम्ही थक्क होऊन पैसे दिले. चौथ्या दिवशी लाल भोपळा चिरताना धारेच्या मध्यावरचा एक टवका उडाला आणि टोकाकडची धार एका अंगाला दुमडली. टोकाशी एक निळसर डाग होता. तो आम्ही आधीही पाहिला होता, पण तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

अर्थ असा. लोहार पाते तापवून एकदम थंड करतो तेव्हा पोलाद कठीण होते, पण ठिसूळही होते. तो ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवावे लागते. अशा सुऱ्यांच्या बाबतीत साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. चाकावर घासताना पात्याचे पातळ टोक याहून पुष्कळ अधिक तापू शकते. ३०० अंशांच्या सुमारास पोलादावर निळा रंग चढतो, आणि तो चढला की तेवढ्या भागाचा कठीणपणा गेला असे समजावे. म्हणजे आमच्या सुरीचे टोक मऊ झाले होते. मधला भाग मऊ झाला नव्हता. तो नुसताच इतका पातळ झाला होता की भोपळ्याच्या सालीला पुरा पडला नाही. केस भादरणारी धार भोपळ्यापुढे चार दिवसही टिकली नाही, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली.

धारेचा आकार समजून घ्यायचा तर पात्याचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणावा. शाळेत भिंगांच्या धड्यात आपण जे शब्द शिकलो तेच येथे उपयोगी पडतात. धारेच्या दोन्ही बाजू आत वळलेल्या असतील तर ती अंतर्वक्र धार. जुना न्हाव्याचा वस्तरा असा असतो. बाजू सरळ उताराच्या असतील तर छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. बाजारातल्या बहुतेक सुऱ्या अशाच. आणि बाजू बाहेर फुगून, कोठेही कोन न करता, हळूहळू वळत एका रेषेत मिळत असतील तर ती बहिर्वक्र धार. मसुरीचा अख्खा दाणा कडेवरून पाहिला तर हा आकार चटकन ध्यानात येतो. जपानी कारागीर या धारेला 'हामागुरिबा' म्हणतात. हामागुरी ही शिंपली आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांच्याच कुळातली. मिटलेल्या शिंपलीची दोन्ही कवचे जशी फुगत येऊन कडेला भेटतात, तशी ही धार.

बहिर्वक्र धार बळकट असते, असे सर्रास सांगितले जाते. आम्हीही प्रथम तेच ऐकले आणि तेच चार लोकांना ऐकवले. आपल्या भाषेतल्या नेमक्या वाक्प्रचारात सांगायचे तर, अक्कल पाजळली. पुढे कळले की हे विधान अर्धे आहे. बळकट, पण कशाच्या तुलनेत? समजा, सरळ उताराच्या धारेचा कोन प्रत्येक बाजूस २० अंश आहे. तिच्या रुंदीत आणि जाडीत फरक न करता तेच उतार बाहेर फुगवले, तर मागे धातू वाढतो, पण अगदी टोकाशी कोनही २० अंशांहून मोठा होतो. धार दणकट होते आणि कापण्यास थोडी जड होते. याउलट, टोकाचा २० अंशांचा कोन तसाच राखून उतार जेथे सुरू होतो तो खांदा घासून गोलसर केला, तर धातू वाढत नाही, कमीच होतो. ही धारही बहिर्वक्रच; पण ती आधीच्या धारेपेक्षा बळकट नसते, तर कापण्यास अधिक हलकी असते, कारण भाजीत रुतून बसणारा तो खांदाच आता उरलेला नसतो. एकच नाव, आणि दोन अगदी विरुद्ध गुण. तुलना कशाशी करतो आहोत हे सांगितल्याशिवाय 'बळकट' या शब्दाला अर्थ नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही अडचण नवी वाटू नये.

तरीही या धारेविषयी एक गोष्ट निःशंकपणे सांगता येते. जाडी कोठे हवी आणि बारीकपणा कोठे हवा, याचा वेगवेगळा विचार ती कारागिराला करायला लावते. टोक केसासारखे सूक्ष्म असू शकते आणि त्याच्या लगेच मागे पोलादाचा भक्कम आधार असू शकतो. मधे एकही अशी कड नसते की जेथे हा आधार एकाएकी संपतो.

निव्वळ पातळपणाची मर्यादा किती मऊ वस्तू दाखवून देऊ शकते, याचे एक चांगले उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२०मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाढीच्या पात्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाचा केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ. तरी त्याने पात्याची धार खराब का व्हावी, असा त्यांचा प्रश्न होता. सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की धार केवळ हळूहळू झिजून जात नाही. केस विशिष्ट तऱ्हेने वाकला आणि त्याची गाठ धारेच्या एखाद्या कच्च्या जागेशी पडली, की तेथला सूक्ष्म टवका उडतो. आमच्या सुरीचा भोपळा त्या मानाने फारच दांडगा म्हणायचा.

धारेची परीक्षा कशी घ्यावी, याविषयी अमेरिकेतल्याच एका लोहाराचे नाव घेतले पाहिजे. मेरीलंडचे विल्यम मोरान (१९२५–२००६) यांनी चाकू घडवण्याच्या जुन्या विद्येत आयुष्य घालवले. बहिर्वक्र धारेचा त्यांचा आग्रह इतका प्रसिद्ध होता की तिकडे तिला 'मोरान धार' असेही नाव पडले. त्यांच्या पुढाकाराने १९७६मध्ये 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. तिच्याकडून पदवी मिळवू पाहणाऱ्या लोहाराला स्वतः घडवलेल्या पात्याची परीक्षा द्यावी लागते. खाली सैल लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. मग दोन इंच बाय चार इंच मापाची म्हणून विकली जाणारी लाकडी फळी दोनदा आरपार तोडायची. मग त्याच पात्याने, मधे धार न लावता, हातावरचे केस भादरायचे. आणि शेवटी पाते व्हाइसमध्ये पकडून ९० अंशांत वाकवायचे. ते तुटता कामा नये.

या परीक्षेतला क्रम पाहावा. केस येथेही भादरायचे आहेतच. पण लाकूड तोडून झाल्यावर. आमच्या दुकानदाराने ते आधी भादरून दाखवले होते, आणि आम्ही ते पाहून पैसे दिले होते.

यानंतर सुरी दुकानात द्यायची नाही, स्वतःच धार लावायची, असे आम्ही ठरवले. त्यासाठी लागणारे सामान फार नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर ४००पासून २०००पर्यंतच्या नंबरांत आणला. तो अंथरायला संगणकाचा जुना माऊसपॅड घेतला. हे मऊ अंथरूण महत्त्वाचे. पाते दाबले की कागद किंचित खाली दबतो आणि पात्याच्या मागेपुढे कडेने वर उचलला जातो. त्या वळणावर घासली जाणारी धार आपोआप फुगीर होते. पाते नेहमी पाठ पुढे आणि धार मागे अशा रीतीने ओढायचे. धार पुढे ढकलली तर कागद कापला जातो.

पात्याच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढून ठेवली, की धातू कोठे घासला जातो आहे ते दिसते. पाते प्रथम जवळजवळ आडवे ठेवावे आणि पाठ हळूहळू उचलत जावी. शाई आधी खांद्यावरची जाते, धारेजवळची तशीच राहते. नवशिक्याला येथे घाई होते. त्याला वाटते, धार लावायची तर धारेवर घासले पाहिजे. वास्तविक बहुतेक काम धारेच्या मागे असते. खांदा मोडून, उतार गोलाईत आणत आणत, अगदी शेवटी टोकाशी पोहोचायचे असते. शाई टोकापर्यंत गेली, की त्याहून पाठ उचलायची नाही. दाबही फार द्यायचा नाही. जोर लावला तर कागद धारेवर गुंडाळला जातो आणि टोकच बोथट होते.

सर्वांत मोठी चूक ओढ संपताना होते. पाते कागदावरून उचलताना मनगट नकळत वर वळते, आणि पुऱ्या ओढीत जे कमावले ते त्या शेवटच्या अर्ध्या क्षणात जाते. पहिल्या संध्याकाळी आम्ही दीड तास घासले आणि सुरी आधीपेक्षा बोथट केली. हात थांबवायचा, मग उचलायचा, एवढे साधे पथ्य अंगवळणी पडायला आम्हांला दोन आठवडे लागले.

एका बाजूने घासणे टोकापर्यंत पोहोचले, की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक किनार उलटून येते. ती डोळ्यांना दिसत नाही. बोटाचे पेर पाठीकडून धारेकडे हळूच सरकवले तर खरखर लागते. पाते कापते आहे असा भास ही किनारच निर्माण करते, पण ती धार नव्हे. बाजू बदलत, दाब कमी करत, बारीक नंबराच्या कागदावर आणि शेवटी पॉलिश चोळलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर ती काढून टाकावी लागते. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी झकास चालते आणि दुसऱ्या दिवशी दुमडते.

या कामात आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट हाताविषयीची आहे. वस्तऱ्याची पाठ जाड असते. तो दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, कोन आपला आपण ठरतो. साध्या सुरीला असा आधार नाही. हाताने घासताना पाते थोडे डुलतेच, आणि अगदी सरळ उतार पाडायचा असेल तर हे डुलणे दोष ठरते. त्यासाठी कोन पकडून ठेवणारी यंत्रेही मिळतात. बहिर्वक्र धारेत तेच डुलणे, आवरात ठेवले तर, कामाला येते. खेड्यांत विळे-कोयते ज्या दगडावर घासले जातात तो पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या वापराने मधे खोलगट झालेला असतो. सुतार आपला दगड सपाट राखतो, कारण पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला सपाट उतार हवा असतो. पण खोलगट दगडावर ओढलेल्या कोयत्याचा कोन ओढीबरोबर बदलत जातो आणि त्याला फुगीर धार येते. नारळ सोलणाऱ्याला तीच हवी असते.

म्हणजे ही धार सर्वत्र लावावी असे आमचे म्हणणे नाही. वस्तऱ्याला ती शोभत नाही, पटाशीला चालत नाही. आणि नुसती जाडी म्हणजे बहिर्वक्रता नव्हे, हेही सांगितले पाहिजे. टोकाशी दोन्ही बाजू खरोखर भेटल्या नसतील, तर तो केवळ गुळगुळीत बोथटपणा. टोमॅटोची साल ते लगेच उघड करते.

आता त्या परीक्षणाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका नव्या लेखकाच्या पहिल्याच कादंबरीवर आम्ही लिहिले होते. भूमापन कचेरीतल्या एका कारकुनाची ती गोष्ट. सुरुवातीची नव्वदेक पाने मोजणीतच जातात: साखळ्या, खुणेचे दगड, नकाशे, बांधाचे वाद. आम्ही लिहिले, 'ही कादंबरी म्हणजे लांबलेली प्रस्तावना आहे.' वाक्य गाजले. ज्यांनी कादंबरी वाचली नव्हती त्यांनीही ते एकमेकांना सांगितले. 'काय धारदार लिहिले आहे', असे आम्हांला कळवणारे बरेच होते, आणि ते ऐकून आम्ही सुखावलो होतो.

गेल्या वर्षी काही विद्यार्थ्यांबरोबर ती कादंबरी पुन्हा वाचायचा योग आला. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, प्रस्तावना म्हणता, पण कशाची?" उत्तर देण्यासाठी आम्ही पाने उलटू लागलो आणि अडखळलो. शेवटच्या भागात दोन भावांच्या वाटणीत जे घडते ते सगळे त्या नव्वद पानांवर उभे आहे. एका दगडाची जागा वीतभर चुकते. ती कोणी चुकवली हे वाचकाला माहीत असते, कारण मोजणी त्याने पानापानाने पाहिलेली असते. आम्ही ज्याला प्रस्तावना म्हटले होते ते कादंबरीचे अंग होते. आमचे वाक्य एका विद्यार्थिनीच्या एका साध्या प्रश्नाने दुमडले.

त्या वाक्यामागे काय होते, हे आम्ही प्रामाणिकपणे आठवून पाहिले. एक घाईचे वाचन होते, तारखेला मजकूर द्यायचा होता, आणि वाक्य सुचल्याचा आनंद होता. वाक्य आधी आले. कादंबरीचे उरलेले वाचन त्या वाक्याच्या सोयीने झाले. बारीक किनार धार म्हणून खपून गेली होती. त्या लेखकाची दुसरी कादंबरी अजून आलेली नाही. आमच्या एका वाक्याचा हा परिणाम असे म्हणण्याइतके आम्ही स्वतःला मोठे समजत नाही. पण त्याच्याशी आपला काहीच संबंध नाही असे म्हणण्याचे धैर्यही आम्हांला होत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग काय संदर्भांनी जड झालेली, एकही ठाम विधान न करणारी समीक्षा हवी? विद्यापीठीय निबंधांत तिचा तोटा नाही. तर तेही नव्हे. ते टोकाशी न भेटलेले पाते. त्याने टोमॅटोही कापत नाही. समीक्षेने कापले पाहिजे. वाईट पुस्तकाला वाईट म्हणणारे वाक्य नेमके आणि निर्दय असायला आमची हरकत नाही. मागणी एवढीच, की त्याच्या लगेच मागे वाचनाचा धातू असावा: पुस्तकाचे अंग कोठे आहे याची जाण, त्याच लेखनप्रकारातील दहा इतर पुस्तके, आणि आपले विधान कशाच्या तुलनेत केले आहे याचे भान. वाक्य वाचताना हे सारे दिसणार नाही. विचारणाऱ्याने विचारले, की ते तेथे असले पाहिजे.

आपल्या अध्यापनात मात्र उलटे घडते. विद्यार्थ्याच्या निबंधातले चमकदार वाक्य आपण अधोरेखित करतो, समासात 'छान' लिहितो आणि पुढच्या उत्तरपत्रिकेकडे वळतो. म्हणजे केस भादरून झाले की पैसे देतो. त्याऐवजी त्या विद्यार्थ्याला त्याच वाक्यासह पुस्तकाकडे परत पाठवावे, वर्गातल्या तिघांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत, आणि एवढे होऊन ते वाक्य जर अजून कापत असेल तर मग गुण द्यावेत. मोरान यांच्या परीक्षेचा क्रम आम्हांला मराठी विभागांत हवा आहे. याने वर्गाची गती मंदावेल, अभ्यासक्रम पुरा होण्याची अडचण येईल, हे आम्ही जाणतो. पण शेकडो धारदार मते आणि त्यांमागे एकही पुरते वाचलेले पुस्तक नाही, ही स्थिती आम्हांला अधिक अडचणीची वाटते.

सुरीचे सांगायचे राहिले. टवका निघून जाईपर्यंत पाते घासावे लागले, त्यामुळे ते दीडेक मिलिमीटर अरुंद झाले आहे. टोकाचा मऊ भागही हळूहळू झिजवून टाकला. आता आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चामड्याच्या पट्ट्यावर ओढले की पुरते. परवा तिने लाल भोपळा चिरला आणि त्यानंतर, मधे धार न लावता, टोमॅटो.

त्या कादंबरीवर पुन्हा लिहायचे आम्ही ठरवले आहे. त्याआधी ती तिसऱ्यांदा वाचायची आहे. नव्वदापैकी एकतीस पाने झाली आहेत. वाक्य अजून सुचलेले नाही.